दागिना की अवजार

नागू,

तुझ्या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न मी तुझ्यासमोरच ठेवतो आहे, कारण तो दाखल करून घेईल अशी दुसरी अदालत मला ठाऊक नाही. उमरग्याच्या अदालतीत मी उभे आयुष्य घालवले. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, चुलत्याने दाबलेल्या शेतावरून भांडणारी माणसे माझ्याकडे आली आणि त्यांच्या तक्रारी मी सरकारच्या उर्दूत मांडून दिल्या. परंतु एका विधवेच्या बोटावर लोखंडी तारेचे वेटोळे असावे की नसावे, या वादासाठी निजामाच्या कायद्यात एकही कलम, एकही दफा नाही आणि आपल्या मठाच्या रिवाजात उत्तर नाही. या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत तू मेलीस.

आपल्या मुरुममधले लोक तू लिंगैक्य झालीस असे म्हणतात. चारचौघांत मीही तसेच म्हणतो. या कागदावर मात्र मी 'मेलीस' हाच शब्द ठेवणार आहे. त्या दुसऱ्या शब्दात सगळ्यांचीच सुटका होते, आणि मला अजून कोणाचीही सुटका करायची नाही.

माझा कोणताही अर्ज तुझ्या कानांवरून गेल्याशिवाय टपालात पडला नाही. तू ओसरीवर जोंधळे निवडत बसायचीस आणि मी मसुदा मराठीत करून तुला वाचून दाखवायचो. तालुकदाराला लिहिलेला असो, शाळेच्या पडक्या भिंतीबद्दलचा असो, बाजारातल्या गटाराबद्दलचा असो. तू मान वर न करता म्हणायचीस, "अण्णा, तिसऱ्या ओळीत तुमी त्यांना गाढव म्हटलंय."

"तसा शब्द कुठे आहे?"

"शब्द न्हाई. पण म्हटलंय. काढा ते."

मी काढायचो. ज्या ज्या अर्जातून तू माझा राग काढायला लावलास, त्यांतल्या बऱ्याच अर्जांचे काम झाले. बाजारातले गटार झाकले गेले ते माझ्या कायद्याच्या ज्ञानामुळे, असा माझा समज होता. आता मी एकट्याने लिहितो तेव्हा कळते की लिहिणारा मी होतो आणि लेखणीला लगाम तुझा होता. हा मसुदा ऐकायला तू नाहीस. यात जिथे जिथे गाढव असेल, तिथे ते राहील.

सितार अप्पांची, आपल्या वडिलांची. आडतीच्या दुकानात दिवसभर भाव सांगून बसलेला त्यांचा घसा संध्याकाळी बोलायला नकार द्यायचा, तेव्हा ते सितार घ्यायचे. गुलबर्ग्याच्या कोण्या खाँसाहेबांकडे तरुणपणी दोन-चार वर्षे शिकले होते, तेवढ्यावर त्यांनी जन्म काढला. श्रावणातल्या सोमवारी मठात भजनाआधी त्यांची सितार व्हायची. ती झाल्याखेरीज कोणी टाळ उचलत नसे. आपणा दोघांना त्यांनी एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर बसवून शिकवायला सुरुवात केली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर मिजराब चढवली, म्हणजे तारेचे ते टोकदार वेटोळे, ज्याने तार छेडायची. माझ्या बोटावर ती सैल व्हायची आणि तुझ्या बोटावर घट्ट बसायची. मी मोठा असूनही माझ्या सुराला घर नव्हते. अप्पा म्हणायचे, "अण्णाची सितार ऐकली की गिऱ्हाईक भाव न करता पळतंय." हे वाक्य तू मला पुढे जन्मभर ऐकवलेस. मी वकिलीच्या परीक्षेसाठी हैदराबादला गेलो आणि सितार सुटली. तिला माझी किंवा मला तिची आठवण आली, असे म्हणता येणार नाही. तुझी मात्र ती सुटली नाही. तामलवाडीला लग्न होऊन गेलीस तेव्हा अप्पांनी ती तुझ्याबरोबर बैलगाडीत गवताच्या गादीवर ठेवून पाठवली. स्वतः नंतर रिकाम्या हाताने मठात जायचे आणि सांगायचे, "लेकीकडं दिलीया. आता ती वाजवंल तिकडं."

तामलवाडीला तुझा नवरा विहिरीवर मोट चालवताना पडला आणि संपला, तेव्हा तू सोप्यात सितार घेऊन बसली होतीस. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी पोचलो तोवर तुझ्या हातांवर बांगड्या नव्हत्या, पायांत जोडवी नव्हती, गळा रिकामा होता, आणि उजव्या हाताच्या बोटाला कातडी निघाल्याची लाल रेघ होती. बांगड्या फोडताना लागले असेल, असे मी समजलो. सितार गवसणीत घालून परत आली, माजघरातल्या खुंटीवर चढली, आणि वीस-बावीस वर्षे तिथेच राहिली. अप्पा गेले, माझे लग्न झाले, तुझी वहिनी आली आणि तीही गेली. खुंटीवरचा तो आकार घराच्या भिंतीचाच भाग असावा असे आम्ही वागलो. तू का वाजवत नाहीस, हे मी तुला विचारले नाही. विधवा वाजवत नाहीत, असे काहीतरी मीही धरून चाललो असेन.

गेल्या थंडीत अव्वा, आपली आई, गेली. तिचे सगळे विधी उरकल्यावर, घरात आपण दोघेच उरलेलो असताना, एका सकाळी तू स्टुलावर चढून सितार उतरवलीस. गवसणी काढलीस तेव्हा आतून धूळ आणि एक मेलेली पाल पडली. बाजाची, म्हणजे मुख्य, तार गंजून लाल झाली होती. तू ती ओढून पाहिलीस आणि ती तुटून तुझ्या मनगटावर आपटली. तू हसलीस. मी विचारले, "इतकी वर्षं का नाही काढलीस?"

"अव्वाला आवडलं नसतं."

"अव्वाने कधी नाही म्हटले?"

"कुणीच न्हाई म्हटलं न्हाई, अण्णा." मग तू मला ते सांगितलेस. बांगड्या फोडून झाल्या, जोडवी निघाली, मंगळसूत्र निघाले, आणि तुझ्या चुलतसासूचे लक्ष तुझ्या उजव्या हाताकडे गेले. "ती म्हटली, अगं, हे बी हाय की बोटात. हे बी काढ. मी म्हटलं, मावशी, ते वाजवायचं हाय. ती म्हटली, बोटात हाय न्हवं? मग काढ. घट्ट बसली हुती. तिनं वडली."

नागू, त्या दिवशी माझ्या आतला वकील उभा राहिला तो अजून बसलेला नाही. सितारीवर बंदी कोणीही घातली नव्हती. सितार तुझ्याबरोबर सन्मानाने परत पाठवली गेली होती. काढून घेतले होते ते एक वेटोळे, आणि ते दागिना समजून. बोटात घालतात ती अंगठी, अंगठी म्हणजे दागिना, दागिना विधवेला वर्ज्य. या तीन पायऱ्यांवरून त्या बाईने तुझी सितार विहिरीत लोटली आणि तिला कळलेही नाही. शिंप्याच्या बोटातले अंगुस्तान दागिना होते काय? अंगुस्तान घालून गोधडी शिवणाऱ्या विधवा या गावात घरोघर आहेत, त्यांच्या बोटातून कोणी काही ओढले नाही. आणि तुझी वहिनी गेली तेव्हा माझ्या बोटातली सोन्याची अंगठी माझ्याच बोटात राहिली. ती काढ, असे मला कोणी म्हणाले नाही. माझ्याही मनात आले नाही.

तारा आणि मिजराब मी सोलापुराहून आणली. इंग्रजी हद्दीतून येणाऱ्या मालावर निजामाचा करोडगिरीचा नाका जकात बसवतो, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या मुन्शीने पुडी उघडून मिजराब बोटाच्या टोकावर धरली. "ये क्या है वकीलसाब? जेवर?"

"सितार वाजवायची चीज आहे."

"पहनते उँगली में?"

"हो."

"तो जेवर हुआ ना."

शेजारी बसलेला दुसरा मुन्शी वैतागून म्हणाला, "लोहे का जेवर कौन पहनता मियाँ? औजार लिखो और छोड़ो, चाय ठंडी हो रई."

आणि त्याने पावतीवर औजार असे लिहिले. घरी येऊन मी ही हकीकत सांगितली तेव्हा तू पोट धरून हसलीस; इतक्या वर्षांत मी तुला तसे हसताना पाहिले नव्हते. "म्हंजे निजामसरकारनं निकाल दिला," तू म्हणालीस. मी मात्र हसलो नाही. मी ती पावती जपून ठेवली. माझ्या हातात पुरावा आला होता.

तुझ्या परतण्याचे दिवस मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला तुझे आभार मानायचे राहून गेले आहे. लोक समजतात तसे ते सुखाचे नव्हते. डाव्या हाताची बोटे सितारीच्या पितळी पडद्यांवर दाबून दाबून फोडांनी भरली. तू त्यांना हळद लावायचीस आणि पुन्हा बसायचीस. अप्पांनी शिकवलेली काफी रागाची गत तुला पाठ होती, परंतु बोटांना नव्हती. तू एका जागी अडायचीस, मागे जायचीस, पुन्हा त्याच जागी अडायचीस. मी ओसरीवर मसुदे लिहीत असे आणि तू तिथे आलीस की माझी लेखणी थांबत असे. एकदा ती जागा निघाली. तू सितार खाली ठेवलीस, आत गेलीस, चुलीपुढे बसून रडलीस आणि भाकरी करून घेऊन आलीस. भाकरी करपली होती. मी ती खाल्ली. त्या दिवसाचा मी साक्षीदार आहे.

सितारीचा आवाज बाजारगल्लीपर्यंत गेला तसे मठाचे कारभारी गुरलिंगप्पा घरी आले. त्यांच्याबद्दल खोटे लिहिणार नाही. ते दुष्ट नव्हते. त्यांनी अप्पांच्या शेजारी बसून टाळ धरलेला होता. दारातच म्हणाले, "वकीलसाहेब, अप्पांची सितार वाजती व्हय? मला वाटलं भास होतोय." तू पदर सावरून बसलीस. ते म्हणाले, "नागव्वा, श्रावणात मठात ये. अप्पांची जागा मोकळीच हाय. अजून कुणी बसलं न्हाई तिथं."

तू होय म्हणून मान हलवलीस. तुझ्या चेहऱ्यावर जे आले ते मी तुझ्या लग्नातही पाहिले नव्हते. नागू, तुला काय हवे होते हे मला त्या क्षणी कळले. श्रावणातल्या एका सोमवारी अप्पांच्या जागी बसून ती एक गत वाजवायची. एवढेच. याहून लहान मागणी माझ्या सबंध वकिलीत माझ्याकडे कोणी आणलेली नाही.

चार दिवसांनी गुरलिंगप्पा पुन्हा आले आणि या खेपेला उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांच्या घरातल्या बायकांनी तुझ्या बोटातली तार पाहिली होती. तू जरूर यावेस, परंतु बोटात काही असू नये, असे ठरले होते. कोणी ठरवले, ते त्यांनी सांगितले नाही.

मी त्यांना आत बोलावले. नाक्याची पावती पुढे ठेवली. आपल्या धर्मात ज्याच्या अंगावर इष्टलिंग आहे त्याला सूतक लागत नाही, मग ज्या मठात हे शिकवतात त्याच मठाच्या दारात तारेच्या वेटोळ्याला विटाळ कसा, हे विचारले. अंगुस्तानाचा दाखला दिला. माझ्या हातातली अंगठी काढून त्यांच्यासमोर आपटली. ते सगळे ऐकून म्हणाले, "तुमी म्हणता ते खरंच आसंल, वकीलसाहेब. पण नाक्याचा कागद मठात चालत न्हाई. आन् बायका कागद वाचत न्हाईत, बोट बघत्यात."

त्याच आठवड्यात मी मठाच्या स्वामींना लेखी अर्ज पाठवला. प्रश्न एकच मांडला, मिजराब हा दागिना आहे की अवजार? आणि निवाडा येईपर्यंत तू मठात जाण्याचे कबूल करू नयेस, असे तुला सांगितले.

तू मिजराब काढून दिवळीत ठेवलीस आणि उघड्या बोटाने वाजवायला बसलीस.

आपला वाद इथून सुरू झाला आणि तो अर्धाच राहिला आहे. पोलादी तारेवर उघडे बोट. नखाने एक आघात नीट यायचा, दुसरा फिका यायचा. मी म्हणालो, "हे करू नकोस. तुझा हक्क आहे. मिजराब घालूनच तू तिथे बसशील."

"हक्क हाय, पर श्रावण थांबणार हाय का? स्वामींचं उत्तर कवा यील?"

"येईल."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर मी पुन्हा लिहीन."

"तुमी लिहाल, अण्णा. तुमी मरेपर्यंत लिहाल. मी वाजवू कवा?"

मी म्हणालो की आज तू बोट उघडे ठेवून बसलीस, तर उद्याच्या प्रत्येक विधवेला तुझा दाखला देतील. नागव्वाने नाही का बिनमिजराबीची वाजवली, असे म्हणतील. तू एकटीचे पाहू नकोस.

तू सितार मांडीवरून खाली ठेवलीस. "बावीस वर्सं सगळ्यांचंच बघितलं," तू म्हणालीस. "आता एक सोमवार माझा बघू द्या की."

मी आवाज चढवला. तू नेहमीसारखे 'तिसऱ्या ओळीतला राग काढा' म्हणाली नाहीस. उठून आत गेलीस. त्यानंतर तू मी अदालतीत गेल्यावरच वाजवायचीस. घरी परतताना कोपऱ्यावर सितार ऐकू यायची आणि माझ्या वहाणा वाजल्या की थांबायची. मी बरोबर होतो, असे मला अजून वाटते. तू बरोबर होतीस, असेही वाटते. दोन बाजू बरोबर असलेल्या दाव्यात न्यायाधीशाला काय करता येते, हे मी कित्येकदा इतरांना समजावून सांगितले आहे. आज एकही शब्द आठवत नाही.

तुझे बोट तारेने चिरले. तू त्याला चिंधी बांधलीस आणि ती माझ्यापासून पदराखाली लपवलीस. कारहुणवी आली. बैलांचा सण म्हणून तू ओसरी शेणाने सारवलीस, त्याच हाताने. सण होऊन आठवडाही झाला नसेल, सकाळी तू म्हणालीस, "अण्णा, तोंड उघडंना." मला वाटले दाढ धरली असेल. दुपारपर्यंत तुझी मान ताठ झाली.

उमरग्याहून डॉक्टर आणला. त्याने जबडा पाहिला, मग विचारले, जखम कुठे आहे. चिंधी सोडली गेली तेव्हा मी प्रथम ते बोट पाहिले. त्याने विचारले, हात शेणामातीत गेला होता काय. मी ओसरीकडे पाहिले. तो म्हणाला, धनुर्वात आहे, खोलीत अंधार करा, कोणी आवाज करू नका, जरासा आवाजही हिला सोसणार नाही. मी दारांना घोंगड्या लावल्या. शेजारच्या बाईंचा पदर कोपऱ्यातल्या सितारीला घासला आणि तार वाजली. त्या एवढ्याशा आवाजाने तुझे शरीर कमानीसारखे वर उचलले गेले. ती सितार मी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. ज्या आवाजासाठी तू बावीस वर्षे थांबलीस, तोच तुला शेवटी मारत होता, आणि तो बंद करण्याचे काम माझ्याकडे आले.

बोलता येत होते तोवर तू फक्त पाणी मागितलेस. तेही गिळता आले नाही. वादाबद्दल तू काही बोलली नाहीस, मी काही बोललो नाही. मी म्हणणार होतो, की उघड्या बोटाने वाजव, मी टाळ धरून तुझ्यामागे बसतो. हे वाक्य तयार होते. खोलीत आवाज करायचा नव्हता.

मी डॉक्टरला बाहेर नेऊन विचारले, तारेच्या जखमेतूनच हे आले काय. तो म्हणाला, "सांगता येत न्हाई, वकीलसाहेब. शेणातनं आलं आसंल. दुसरीकडनंबी आलं आसंल." नागू, हा माझा खटला इथे पडतो. तामलवाडीच्या त्या बाईने वेटोळे ओढले म्हणून तू बावीस वर्षे वाजवले नाहीस. मठाने बोट पाहिले म्हणून तू ते उघडे ठेवलेस. बोट उघडे म्हणून चिरले. चिरलेले बोट शेणात गेले. या साखळीची प्रत्येक कडी मी हाताने चाचपून पाहिली आहे. पण अदालतीत उलटतपासणीचा पहिलाच प्रश्न मला गप्प करील: ओसरी सारवायला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. सणाला ओसरी सारवतात. जिला कोणी वाजवायला नको म्हटले नाही, तिलाच कोणी सारवायलाही सांगितले नाही. आरोपी म्हणून उभा करावा असा माणूसच मला सापडत नाही, आणि तरीही माझी खात्री आहे की तू मारली गेलीस.

आपल्यात बसवून पुरतात. ताठलेले तुझे शरीर बसते करायला चौघे लागले. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवले, कपाळाला विभूती लावली. मग कोणीतरी तुझ्या उजव्या हाताच्या बोटावरची चिंधी सोडून घेतली. नीटनेटके दिसावे म्हणूनच सोडली असेल. मीठ आणि माती पडत गेली आणि मी पाहत राहिलो.

घरी परत आल्यावर गुरलिंगप्पा माझ्याशेजारी बसले. त्यांचे डोळे ओले होते. ते खरेच रडले होते. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तो अर्ज आता माघारी घ्या. आता त्यो प्रश्नच राह्यला न्हाई."

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. वैयक्तिक हक्काचा दावा वादीबरोबर मरतो. तुला मूल नाही, वारस नाही. प्रश्न खरोखर राहिलेला नाही. स्वामींचे उत्तर अजून आलेले नाही आणि आता ते येणार नाही. मी गुरलिंगप्पांना म्हणालो, अर्ज मी मागे घेणार नाही. ते म्हणाले, "नगा घेऊ," आणि निघून गेले. ज्या माणसाशी भांडावे तो रडून, नमस्कार करून निघून जातो, ही माझ्या रागाची खरी अडचण आहे.

मग मी गोठ्यातून सितार आणली.

माझी बोटे तुला ठाऊक आहेत. तीसएक वर्षांत त्यांनी कलमाखेरीज काही धरले नाही. पहिल्या दिवशी मला तार लावताही येईना. खुंटी पिळली की सूर निसटून जाई. दिवळीतून मिजराब काढून बोटात घातली. लहानपणी सैल व्हायची, आता म्हातारपणाच्या सुजलेल्या सांध्यावर अडकून बसली. पडद्यांवर बोटे फुटली. मी हळद लावली. तू जिथे अडायचीस त्या जागेपर्यंत पोचायलाच मला पंधरवडा लागला, आणि तिथून पुढे मी गेलोच नाही. मला सुख झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. घरात कोणीतरी वाजवते आहे आणि ती तू नाहीस, हे मला रोज सकाळी स्वतःच्याच हाताने ऐकावे लागले. तरी मी बसलो. माझा हेतू संगीताचा नव्हता. हा वाद मला मठात, भर सभेत, माझ्या देहावर चालवायचा होता. मी विधुर आहे. बोटात तीच तार आहे. आता कोणीतरी म्हणू दे की हे काढ. मग मी तुझ्या वतीने सगळे बोलेन. कोणत्या क्रमाने बोलायचे, हेही मी ठरवले होते. सूतकाचा मुद्दा आधी, अंगुस्तान नंतर, पावती शेवटी.

परवा श्रावणातला पहिला सोमवार झाला. मी सितार घेऊन मठात गेलो आणि अप्पांच्या जागी बसलो. समोर पुरुष, खांबांपलीकडे बायका, गुरलिंगप्पांच्या घरच्याही. सगळे उठून म्हणाले, "या, या वकीलसाहेब." कोणीतरी माझ्या पाठीमागे लोड सरकवला. मी वाजवायला सुरुवात केली. दुसरी तार उतरलेली होती. पडदे चुकत होते, लय राहत नव्हती. तुझ्या त्या जागेवर मी अडलो, मागे गेलो, पुन्हा अडलो. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होते की मला वाजवता येत नाही. कोणी हसले नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. गत अर्धी टाकून मी थांबलो तेव्हा गुरलिंगप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "अप्पांची याद आली." खांबांपलीकडून एक म्हातारी म्हणाली, "लई ग्वाड वाजवलं बगा. फुडच्या सोमवारी बी या."

मी उजवा हात सितारीवरून उचलून सर्वांसमोर धरला, बराच वेळ धरून ठेवला. दिव्याच्या उजेडात बोटातली तार चमकत होती. मी वाट पाहिली. गुरलिंगप्पांनी टाळ उचलले, भजन सुरू झाले, आणि त्या सभेत एकानेही माझ्या बोटाकडे पाहिले नाही.